भोपळ्याच्या सुपात टोमॅटो शेवटी का?

ऑक्टोबरचा उकाडा सरतो, दिवाळीच्या आसपास पहाटे गारठा जाणवू लागतो आणि लाल भोपळा, गाजर, आलं घालून केलेलं दाट सूप प्यावंसं वाटतं. प्यायल्यावर अंगात ऊब येते, असं सगळेच म्हणतात. पण हिशेब वेगळंच सांगतो. ६० अंश सेल्सिअसचं पाव लिटर सूप शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवताना जेमतेम पावणेसहा किलोकॅलरी उष्णता देतं. साठ किलो वजनाच्या माणसाचं शरीर एका अंशाने तापवायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे वाढ झाली एक दशांश अंशाची. एवढी उष्णता आपलं शरीर नुसतं बसून पाच-सहा मिनिटांत तयार करतं.

मग ऊब येते कुठून? बरीचशी आलं-मिरीतून. जिभेतल्या नि घशातल्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘गरम!’ असा निरोप जातो. गंमत म्हणजे मिरचीतलं कॅप्सेसिन, मिरीतलं पायपरीन आणि आल्यातलं जिंजेरॉलही हेच प्रथिन उघडतात. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली ते शोधलं आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आलं वाळवताना जिंजेरॉलमधला पाण्याचा रेणू निघून जातो आणि त्याहून तिखट शोगॉल तयार होतं. त्यामुळे ताजं आलं नसेल तर चिमूटभर सुंठीनेही भागतं.

सूप जमणार की फसणार, हे मात्र पेक्टिन ठरवतं. विटांमधल्या चुन्यासारखं ते भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं. भाजी शिजते म्हणजे मुख्यतः हे पेक्टिन सुटतं. आम्ल असलं की सुटण्याचा वेग मंदावतो, आणि टोमॅटो चांगलाच आम्लधर्मी. तो गाजराबरोबरच पातेल्यात गेला, तर बराच वेळ उकळूनही गाजर मध्ये कचकचीत राहतं. आमटीत आमसूल डाळ शिजल्यावरच घालतात, ते याच कारणाने. खायचा सोडा याच्या उलट काम करतो, भाजी झटकन मऊ होते. पण चव साबणासारखी लागते आणि क जीवनसत्त्वही जातं. माझं मत विचाराल तर सोडा नकोच.

गाजर गार पाण्यात घालून मंद आचेवर तापवत बसणंही बरं नाही. ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान भाजीतलंच एक विकर (एन्झाइम) पेक्टिनमध्ये असा बदल करतं, की कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतं. मग पुढे कितीही उकळा, फोडी लवकर मऊ होत नाहीत. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आधीच भरपूर, म्हणजे आणखी भर. त्यामुळे फोडी आधण आलेल्या पाण्यात टाकाव्यात, नाहीतर सरळ कुकर लावावा. त्यात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि प्रश्नच मिटतो. टोमॅटो वेगळा परतून नंतर घालावा.

शिजलेला भोपळा मिक्सरमधून काढला की सुटलेलं पेक्टिन आणि पेशीभित्तिकांचे बारीक तुकडे पाणी धरून ठेवतात. कॉर्नफ्लोअरची गरज उरत नाही. बटाटा घातला असेल तर मिक्सर बेताने फिरवावा, कारण फुगलेले स्टार्चचे कण फुटले की सूप चिकट होतं. दाट सूप निवतंही सावकाश. पातळ सुपात गार झालेला वरचा थर खाली जातो आणि गरम वर येतो. दाट सुपात ही ये-जा जवळपास थांबते. म्हणून वरचा चमचा कोमट लागतो आणि खालचा जीभ भाजतो. कडेने प्यावं.

वर चमचाभर तूप हवंच. भोपळ्या-गाजराचा केशरी रंग बीटा कॅरोटीनचा, आणि ते स्निग्धात विरघळतं. तुपाशिवाय त्यातलं फारच थोडं अंगी लागतं. मिरी मात्र वाढताना कुटून घालावी, तिची सुगंधी तेलं उकळीत उडून जातात.