परदेशातील कारखान्यासाठी देशनिवड

एखादी कंपनी स्वदेशाबाहेर उत्पादन सुरू करण्यापूर्वी संभाव्य देशांची जी तौलनिक पाहणी करते, तिला देशनिवडीची पाहणी म्हणतात. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या उद्योगांच्या स्थाननिर्धारणाच्या सिद्धांतात वाहतूकखर्च केंद्रस्थानी होता. सरहद्द ओलांडली की त्यात जकात, विनिमयदर, नफा मायदेशी आणण्याची मुभा आणि राजकीय स्थैर्य यांची भर पडते. शिवाय हे घटक कारखान्याच्या हयातीत एकदा नव्हे, अनेकदा बदलू शकतात.

पाहणी बहुधा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा कागदोपत्री असतो आणि त्यात मजुरी, कर, वीजदर व निर्देशांक यांच्या आधारे देशांची यादी आखूड केली जाते. कोणत्या देशात धंदा करणे किती सोपे हे गुणांनी सांगणाऱ्या जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालाला या कामात मोठा मान होता. मात्र २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांतील आकडेवारीत गैरप्रकार आढळल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये तो बंद करण्यात आला. तो निर्दोष असता तरी उपयोग बेताचाच होता, कारण भारताचे गुण मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांवरून काढले जात. विदर्भात कारखाना काढू पाहणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नसे.

दुसऱ्या टप्प्यात पथक जागेवर जाते, आणि तेथे विचारायचे प्रश्न अगदी साधे असतात. शेजारच्या कारखान्यातील जनरेटरला महिन्याला किती डिझेल लागते हे कळले, की वीजपुरवठ्याच्या सरकारी दाव्यांची परीक्षा होते. भरलेल्या ट्रकमागोमाग एकदा बंदरापर्यंत जाऊन आले, की नकाशावरचे किलोमीटर तासांत आणि तपासनाक्यांत मोजता येतात.

इंटेल कंपनीने १९९६ मध्ये मायक्रोप्रोसेसरच्या जुळणी व चाचणीच्या कारखान्यासाठी ब्राझील, चिली, मेक्सिको हे देश स्पर्धेत असताना सुमारे ३५ लाख लोकवस्तीच्या कोस्टा रिकाची निवड केली, हे या विषयातले नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. माल वजनाला हलका आणि किमतीला भारी असल्यामुळे येथे बंदरापेक्षा विमानतळाला महत्त्व होते. तंत्रज्ञ घडवण्यासाठी शिक्षणक्रमात बदल करण्याची आणि विजेचा प्रश्न सोडवण्याची सरकारची तयारी निर्णायक ठरली. उत्पादन १९९८ मध्ये सुरू झाले, २०१४ मध्ये ते आशियात हलवण्याचा निर्णय झाला, २०२० मध्ये पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली आणि २०२५ मध्ये व्हिएतनाम व मलेशियाकडे नेण्याची. त्यामुळे हे उदाहरण जेवढे यशाचे, तेवढेच निवडीच्या तात्पुरतेपणाचेही आहे.

तयार कपड्यांच्या धंद्यात मजुरीपेक्षा आयात शुल्क भारी पडते, ही गोष्ट नवख्या पाहणीत हमखास निसटते. अमेरिकेत सुती टी-शर्टवर सर्वसाधारणपणे १६.५ टक्के, तर कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टवर ३२ टक्के शुल्क लागत आले आहे. सवलतीलाही अटी असतात. युरोपीय संघ आणि व्हिएतनाम यांच्या ऑगस्ट २०२० मध्ये अमलात आलेल्या करारानुसार केवळ शिलाई व्हिएतनाममध्ये होऊन भागत नाही. कापडही व्हिएतनाम किंवा युरोपीय संघातले असावे लागते, त्यात दक्षिण कोरियाच्या कापडाला मुभा आहे. चिनी कापड आणून शिवणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

इथिओपियातील हवासा औद्योगिक वसाहत २०१६ मध्ये उघडली, तेव्हा आफ्रिकी देशांसाठीच्या अमेरिकी कायद्यामुळे तेथील कपडे अमेरिकेत शुल्काविना जात होते आणि मूळ वेतन महिन्याला अवघे २६ डॉलरच्या आसपास होते. रेमंड समूहानेही तेथे कारखाना काढला. देशाला समुद्रकिनारा नाही, माल जिबूतीच्या बंदरातून जातो, हे आधीच ठाऊक होते. त्या पगारात शहरात खोली परवडत नाही आणि कामगार काही महिन्यांतच काम सोडतात, हे मात्र कागदोपत्री पाहणीच्या तक्त्यात कुठेच दिसत नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रे प्रांतात युद्ध पेटले आणि १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने इथिओपियाची सवलत काढून घेतली. हवासात आलेली पीव्हीएच ही कपड्यांची मोठी अमेरिकी कंपनी त्याआधीच बाहेर पडली होती.

म्हणून जाणते सल्लागार प्रवेशाच्या अटींबरोबर निघण्याच्या अटीही तपासतात : कामगारांना किती भरपाई द्यावी लागेल, शुल्कमाफीने आणलेली यंत्रे बाहेर नेताना माफ झालेले शुल्क परत भरावे लागेल का, आणि भाडेपट्टा मुदतीआधी मोडता येतो की नाही.