खडूचा पैसा कोणाचा? शिक्षकांच्या छोट्या वर्गखर्चामागचा इतिहास

पहिली-दुसरीच्या मुलांना एकक-दशक शिकवायचे असेल तर शंभर मण्यांची माळ फार उपयोगी पडते. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, अशा क्रमाने ती ओवलेली असते. मूल बोटाने मणी सरकवत सत्तेचाळीसपर्यंत जाते आणि चार पूर्ण दहा नि वर सात सुटे हे त्याला न सांगता दिसते. आठवडी बाजारातून मणी आणि नायलॉनचा दोरा आणला की शिक्षक अशा माळा मधल्या सुट्टीत बसून ओवू शकतो. खर्च किरकोळ असतो, परंतु तो कोणत्या खात्यातून करायचा, त्याला मंजुरी कोणाची आणि पावती कोठून आणायची, हे प्रश्न मात्र किरकोळ नाहीत. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समित्या आणि पालकांचे गट आज वर्गासाठी जी छोटी-मोठी मदत उभी करतात, तिची मुळे याच प्रश्नांत आहेत आणि ती बरीच मागे जातात.

पेशवाई संपली त्या सुमारास गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. पंतोजीचा चरितार्थ सर्वस्वी पालकांवर चाले: मुलामागे ठरलेली थोडी फी, सुगीला धान्य आणि सणावाराला शिधा किंवा एखादे वस्त्र. शिकवण्याचे साहित्य म्हणजे धूळपाटी, म्हणजे फळीवर बारीक धूळ पसरून तीवर काडीने अक्षरे गिरवायची. तिला खर्च जवळजवळ नव्हता, त्यामुळे मास्तराचे पोट आणि वर्गाचे साहित्य असे दोन वेगळे हिशेब कोणी ठेवतच नसे. ते वेगळे झाले सरकारी शाळा निघाल्यावर, कारण तेव्हा पगार सरकारकडून येऊ लागला आणि पाटी, पुस्तक, नकाशा यांचा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहिला.

मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा लोकल फंडाचा (स्थानिक कामांसाठीच्या निधीचा) कर बसवण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. एका अर्थाने खेड्यातील पालकांची ही पहिली सक्तीची वर्गणीच होती. फरक एवढाच की पैसा गावातून जाई आणि तो कसा खर्चावा हे गावाबाहेर ठरे. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातील शाळा उपाशी राहतात, ही तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढील निवेदनात मांडली. पैसा देणाऱ्याचा त्याच्या विनियोगावर हक्क असावा की नाही, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

कराच्या बाहेर, लोकांनी स्वतःहून उभ्या केलेल्या मदतीचा सर्वांत जिवंत नमुना म्हणजे मुष्टिफंड. स्वयंपाकाला धान्य काढताना त्यातले मूठभर बाजूला ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी ते शाळेच्या पोत्यात जमा करायचे, अशी ती पद्धत. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मराठी शिक्षणासाठी १९०८ मध्ये पणजीत जी संस्था निघाली तिचे नावच मुष्टिफंड आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर वसतिगृहांतील मुलांच्या जेवणासाठी याच मार्गाचा आधार घेतला. या फंडात रोकड नसलेल्या घरालाही देणगीदार होता येई आणि देणारा हात बहुतेक वेळा घरातील बाईचा असे. पुढे लोकवर्गणी रोकडीत मागितली जाऊ लागल्यावर या दोन्ही गोष्टी मागे पडल्या. वर्गणीच्या यादीत कर्त्या पुरुषाचे नाव आले आणि ज्यांच्याकडे द्यायला रोख रक्कम नव्हती ती घरे यादीतूनच गळाली.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६१ च्या कायद्यान्वये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षकाचा पगार निश्चित झाला. खडू, हजेरीपट, झाडू अशा खर्चासाठी ‘सादिल’ नावाची तरतूद असे. हा शब्द आजही प्रत्येक मुख्याध्यापकाच्या तोंडी आहे आणि तो उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर जी छटा उमटते, ती या तरतुदीच्या पुरेपणाविषयी बरेच काही सांगून जाते.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पुढच्याच वर्षी खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्याचा संच मिळावा, हा तिचा हेतू होता. साहित्य आले, मात्र ते वरून खरेदी होऊन, एकसारख्या पेट्यांतून आले. कोणत्या वर्गाला काय हवे हे कोणी शिक्षकाला विचारले नव्हते. साहित्य हरवले किंवा मोडले तर नोंदवहीत ते कसे दाखवायचे, ही भीती मात्र त्याच्या वाट्याला आली आणि अनेक ठिकाणी पेट्या कुलपातच राहिल्या.

या अनुभवानंतर घडलेला बदल आकाराने लहान होता, तरी माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रात त्याच्या पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे मराठवाड्यातील पाच जिल्हे निवडले गेले. या कार्यक्रमाने प्रत्येक शाळेला वर्षाला २,००० रुपये आणि प्रत्येक शिक्षकाला ५०० रुपये शैक्षणिक साहित्यासाठी दिले. पुढे सर्व शिक्षा अभियानाने हीच पद्धत देशभर नेली. कार्डशीट, स्केचपेन, डिंक, कात्री, मणी असे जे हवे ते शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहून घ्यावे, एवढाच त्यामागचा विचार होता. वर्गातील गरज ठरवण्याचा अधिकार आणि त्यासाठीचे पैसे या दोन्ही गोष्टी शिक्षकाच्या हाती एकत्र आल्या, त्या बहुधा प्रथमच.

रक्कम मात्र जिथल्या तिथे राहिली. १९९४ चे ५०० रुपये सर्व शिक्षा अभियानाच्या २०११ च्या सुधारित आराखड्यातही ५०० च होते, आणि मधल्या काळात कार्डशीटची किंमत कोठून कोठे गेली हे कोणत्याही स्टेशनरी दुकानदाराला विचारावे. शिवाय पैसे येत ते वर्ष उलटत आल्यावर. शाळा अनुदानांचा मागोवा घेणाऱ्या ‘पैसा’ या सर्वेक्षणांनी २००९ पासून हेच वारंवार दाखवले की शैक्षणिक वर्षाचा अर्धा काळ सरला तरी अनेक शाळांच्या खात्यात रक्कम जमा झालेली नसते. साहित्याची गरज जून-जुलैत आणि खर्चाची घाई मार्चमध्ये, असे उलटे वेळापत्रक झाल्यामुळे शिक्षक एक तर पदरचे पैसे घालत किंवा मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्रापुरती, म्हणजे अनुदान खर्च झाले असे कागदावर दाखवण्यापुरती, खरेदी करत.

याच टप्प्यावर पालक या व्यवहारात औपचारिकपणे आले. अनुदान गाव शिक्षण समितीच्या खात्यात जमा होई आणि धनादेशावर अध्यक्ष व मुख्याध्यापक अशा दोघांच्या सह्या लागत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि या व्यवस्थेच्या जागी शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि किमान निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतो. कागदावर ही पालकांची सत्ता आहे. व्यवहारात ठराव मुख्याध्यापक लिहितो आणि मजुरीवर गेलेल्या सदस्याच्या सहीसाठी वही घेऊन संध्याकाळी त्याच्या दारी जातो. तरीही या समितीमुळे एक गोष्ट झाली: शाळेकडे किती पैसे आले हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, हे पालकांना कळले.

२०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियान आले, शाळेच्या किरकोळ अनुदानांच्या जागी पटसंख्येनुसार एकच संयुक्त शाळा अनुदान ठरले आणि शिक्षकाच्या नावाने वेगळा हिस्सा उरला नाही. पट लहान असलेल्या वाडी-वस्तीच्या शाळेला १०,००० किंवा २५,००० रुपये मिळाले तरी वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता हे सगळे त्यातच भागवावे लागते. वीजबिल थकले की जोडणी तुटते आणि मणी विकत घेतले नाहीत म्हणून कोणाचे काही अडत नाही. त्यामुळे पैसा कोठे जाणार हे सांगायला नको. २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा एकल नोडल खात्यातून, म्हणजे योजनेसाठी राज्यात ठेवलेल्या एकाच बँक खात्यातून, थेट विक्रेत्याच्या बँक खात्यात जाऊ लागला. गैरव्यवहार रोखण्यासाठी ही रीत योग्यच आहे, परंतु आठवडी बाजारात पाल टाकून बसलेल्या मणीवाल्याला त्या वाटेने पैसे देता येत नाहीत.

अनुदानांतील ही फट पालक त्याआधीपासूनच भरून काढू लागले होते. २०१५ मध्ये राज्य शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि त्याच्या आगेमागे राज्यभर लोकसहभागाची लाट उसळली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) शाळा पाहायला शिक्षक गाड्या करून जाऊ लागले. तेथे जमिनीवर आखलेल्या चौकटी, भिंतीच्या खालच्या भागात मुलांच्या हाताला येतील असे फळे, खडे आणि काड्यांचे गठ्ठे पाहून परतलेल्या शिक्षकांना तसे करायचे होते, आणि त्यासाठी लागणारे पैसे त्यांनी पालकसभेत मागितले. बहुतेक ठिकाणी मिळालेही.

अमेरिकेत याच कामाने वेगळे वळण घेतले. तेथे १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून पुढे पालक-शिक्षक संघटनेची चळवळ वाढली. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता करावर मर्यादा आली आणि शाळांचे उत्पन्न घटले, तेव्हा पालकांनी स्थानिक शिक्षण निधी उभारले. असे निधी आणि संघटना वर्गातील छोट्या उपक्रमांसाठी शिक्षकांकडून अर्ज मागवतात: काय शिकवायचे आहे, काय लागेल, किती लागेल, एवढे एका पानावर लिहायचे. आपल्याकडे शिक्षक अर्ज करत नाही, तो सभेत उभा राहून विनंती करतो. समोर सरपंच, माजी विद्यार्थी, ट्रॅक्टरवाले, भिशीतल्या बाया असतात आणि देणारा देताना स्वाभाविकपणे दिसेल अशी वस्तू निवडतो. म्हणून प्रवेशद्वार, दूरदर्शन संच, ध्वनिवर्धक, भिंतीवरची रंगरंगोटी यांना देणगीदार पटकन मिळतात आणि त्यांवर नावही घालता येते. शंभर मण्यांच्या माळेवर नाव कोठे घालणार? ज्या गावात ऊस आहे, साखर कारखाना आहे किंवा मुंबई-पुण्याला स्थिरावलेले माजी विद्यार्थी आहेत, तेथील शाळा या लाटेत उजळून निघाल्या. ऊसतोडीला अर्धे गाव बाहेर पडते तेथे सभा घ्यायलाच पालक जागेवर नव्हते. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या शाळांना गुण देणाऱ्या राज्य शासनाच्या अभियानात लोकसहभागाचीही दखल घेतली जाते, त्यामुळे हे अंतर आता गुणांतही उतरते.

खासगी शाळांतील पालक-शिक्षक संघांचा प्रवास येथे मुद्दाम घेतलेला नाही. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने त्यांना फीबाबत बोलण्याचा अधिकार दिल्यापासून त्यांची बरीच शक्ती त्याच झगड्यात जाते.

करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा, २०२२ मध्ये, ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे पाच-सहा जणींचे गट वस्तीवस्तीत करण्यात आले. या मातागटांना निधी नव्हता. आठवड्याला एक कृतिपत्रिका मिळे आणि घरातल्याच वस्तू घेऊन मुलांकडून ती कृती करून घ्यायची असे. डाळ-तांदूळ वेगळे करणे, चमचे मोजणे, पानांचे आकार लावणे हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. मुष्टिफंडात मूठ टाकणारी बाई रोख वर्गणीच्या काळात हिशेबातून बाहेर गेली होती. ती या गटांच्या रूपाने शाळेच्या कामात परतली, यावेळी मुठीत धान्याऐवजी चिंचोके घेऊन.