क्रिस्टलवरचे १८ पीएफ आणि बोर्डावरचे २२ पीएफ

सर्किटला ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) ‘लोड कपॅसिटन्स १८ पीएफ (पिकोफॅरड)’ असं दिसलं की बरेच जण १८ पीएफचेच दोन कपॅसिटर आणून दोन्ही पायांना लावून मोकळे होतात. सर्किट चालतंही, त्यामुळे शंका येत नाही. पण तो आकडा कपॅसिटरचा नाहीच. आपल्या दोन पायांमध्ये एकूण किती कपॅसिटन्स मिळाला तर छापलेली फ्रिक्वेन्सी देईन, एवढंच क्रिस्टल त्यातून सांगतो.

क्रिस्टलच्या बाजूने पाहा. दोन्ही कपॅसिटर ग्राउंडमधून एकमेकांना सिरीजमध्ये जोडलेले आहेत. सारखे दोन सिरीजमध्ये आले की निम्मे होतात, म्हणजे १८ चे झाले ९. त्यात मायक्रोकंट्रोलरच्या (क्रिस्टल ज्या चिपला जोडतो तिच्या) पिना आणि पीसीबीचे (बोर्डाचे) ट्रॅक यांचा स्ट्रे, म्हणजे न लावता आपोआप येणारा, कपॅसिटन्स मिळतो. चांगल्या बोर्डावर तो साधारण ३ ते ५ पीएफ धरतात. ४ धरले तर बेरीज १३. हवे होते १८. लोड कमी पडला की फ्रिक्वेन्सी किंचित वर सरकते, जास्त झाला की खाली.

म्हणून हिशेब उलटा करायचा: १८ मधून ४ वजा, उरले १४, त्याची दुप्पट २८. बाजारात जवळचा मिळतो २७ पीएफ.

मग सगळे डोळे झाकून २२ का लावतात? एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये १२ ते २२ पीएफ अशी शिफारस आहे, आणि एलईडी लुकलुकवायला किंवा सिरियल पोर्ट चालवायला थोडा फरक पडला तरी चालतो. २२ हा नियम नाही, खपून जाणारी सवय आहे. ८ पीएफ लोडचा छोटा एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायचा) क्रिस्टल घेतलात तर ती अंगाशी येते. तिथे हिशेबाने ८ पीएफचेच कपॅसिटर लागतात (हो, इथे आकडा योगायोगाने जुळतो). २२ लावले तर ऑसिलेटर (क्रिस्टलवर चालणारं ठोक्यांचं सर्किट) कधीकधी सुरूच होत नाही.

घड्याळाच्या ३२.७६८ किलोहर्ट्‌झ क्रिस्टलला आणखी जपावं लागतं. डीएस१३०७ या घड्याळाच्या चिपला १२.५ पीएफ लोडचा क्रिस्टल लागतो आणि त्याचे कपॅसिटर चिपच्या आतच असतात. बाहेरून आणखी लावले की घड्याळ मागे पडणार. २० पीपीएमची (दहा लाखांत वीस भाग) चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद.

खरेदी करताना सिरॅमिक कपॅसिटरमध्ये एनपीओ, म्हणजेच सीओजी, हा प्रकार मागा. एक्स७आर या दुसऱ्या प्रकाराचा कपॅसिटन्स तापमानाबरोबर हलतो. कपॅसिटरच्या डिस्कवर ‘२२०’ छापलं असेल तर तो २२ पीएफ, ‘२२१’ असेल तर २२० पीएफ.

आणि फ्रिक्वेन्सी तपासायला ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नका. १०एक्स प्रोबचेच दहा-पंधरा पीएफ लोडमध्ये मिसळतात. एटीमेगामध्ये क्लॉक आउटपुटचा फ्यूज (चिपमधली एक सेटिंग) आहे, तो लावून त्या पिनेवर मोजा.