अंडरआर्म क्रिकेट (मुंबई)

अंडरआर्म क्रिकेट : हात खांद्यावरून न फिरवता कमरेखालून चेंडू टाकून खेळायचा क्रिकेटचा प्रकार. मुंबईत गिरगाव, लालबाग, परळ, वरळी, नायगाव या भागांत चाळींच्या अंगणात आणि दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत तो खेळतात. मूळ क्रिकेटमध्ये खालून गोलंदाजी जवळजवळ बाद झाली आहे. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर चॅपेलने चेंडू सरपटत सोडला आणि गदारोळ झाला. आजच्या नियमांनुसार सामन्याआधी खास ठरवले असेल तरच अशी गोलंदाजी चालते. चाळीत मात्र हात वर गेला की नोबॉल.

कारण जागेत आहे. बावीस यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटरची खेळपट्टी चाळीत मिळत नाही. आठ-दहा पावले मिळाली तरी पुष्कळ. एवढ्या अंतरावरून वरून टाकलेला चेंडू फलंदाजाला दिसेपर्यंत मागे जातो आणि बॅटला लागला तर खिडकीत. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, दोन्ही बाजूंना खिडक्या, मध्ये दोऱ्यांवर कपडे. खेळाचे बहुतेक नियम या खिडक्यांनीच घालून दिले आहेत.

चेंडू रबरी किंवा टेनिसचा. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो, सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा कातडी चेंडू, १५६ ते १६३ ग्रॅमचा. त्यामुळे पॅड-ग्लोव्हजची गरज पडत नाही. टेनिस बॉलवर वायरमनची काळी टेप गुंडाळली की वजन वाढते, उसळी कमी होते. एकाच बाजूला लावली तर चेंडू हवेत वळतो, पण टेपचे टोक सुटले की टप्पा कुठेही उडतो आणि ओव्हर मध्येच थांबवावी लागते. वळवायला रबरी चेंडूच चांगला. तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून गुडघ्याच्या उंचीवर मनगटाच्या झटक्याने सोडतात. शहाबादी फरशीवर तो पकड घेतो आणि फुटाफुटाने वळतो. दोन फरश्यांच्या सांध्यावर पडला तर कधी अंगावर उसळतो, कधी बसून जातो. जाणता गोलंदाज तो सांधा हेरूनच टाकतो. कोपर वाकवून झटक्याने फेकलेल्या चेंडूला ‘बट्टा’ म्हणतात. अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असल्याने बट्ट्यावरून भांडण ठरलेलेच.

स्टंप भिंतीवर खडूने किंवा विटेच्या तुकड्याने आखतात. खरी मापे २८ इंच उंच आणि ९ इंच रुंद. भिंतीवर मात्र उंची बॅटिंग कोण करतोय त्यावर वाढते-घटते. आखलेल्या स्टंपांची अडचण अशी, की चेंडू रेषेच्या आत लागला की बाहेर हे कळत नाही. ओला चेंडू खूण सोडतो, कोरडा सोडत नाही. म्हणून खुर्ची, दुधाचा क्रेट किंवा रचलेल्या विटा बऱ्या. भिंत असली की विकेटकीपर लागत नाही, एक गडी मोकळा होतो.

‘वन टप वन हँड’ हा या खेळाचा कणा. एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने झेलला तर फलंदाज बाद. फिल्डर चार पावलांवर उभे असतात, त्यामुळे नुसती बॅट लावून भागत नाही. चेंडू टप्पा न घेता जमिनीलगत सरपटवावा लागतो. भिंतीवरून परतलेला झेल धरायचा की नाही, हे आधी ठरवावे. नंतर ठरवायला गेले तर खेळ तिथेच संपतो. चेंडू घरात, गॅलरीत किंवा गच्चीत डायरेक्ट गेला तर बाद, सिक्स नाहीच. धावायला जागा नसेल तेथे धावा ‘डिक्लेअर’ असतात: अमुक पायरीपर्यंत ‘वन डी’, गेटला लागला तर ‘टू डी’. वन टप फारच लहान जागेत ठेवला तर धावसंख्या दहा-बाराच्या पुढे सरकत नाही आणि खेळ कंटाळवाणा होतो. तिथे तो नियम लावू नये, हे उत्तम.

एका बाजूला पाच ते आठ गडी. विषम संख्या झाली तर एक ‘कॉमन’, दोन्हींकडून बॅटिंग करतो. लहान भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेतात: तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत, फिल्डिंग मात्र करावीच लागते. टॉसला नाणे नसेल तर खापरीच्या एका बाजूला थुंकी लावून ‘ओलं की सुकं’. पहिला चेंडू ट्राय बॉल, त्यावर बाद नाही. शेवटचा गडी एकटा खेळू शकतो, पण हेही आधी ठरलेले हवे.

गटारात गेलेला चेंडू नळाखाली धुऊन पुसून घ्यावा. ओला रबर फरशीवर घसरतो, वळत नाही. चेंडू वरच्या मजल्यावर जप्त झाला तर ज्याने मारला तोच आणायला जातो. परत मिळाला नाही तर नव्या चेंडूची वर्गणी मात्र सगळ्यांची.