वकीलपत्र कोणी घ्यायचं? पुण्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सरकार ज्याच्या मागे लागलंय त्याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं, हा पुण्यातला जुना प्रश्न. शिवाजीनगर कोर्टातून निघून संगम पुलाकडे गेलं की सीआयडीचं ऑफिस लागतं. १८७९ साली इंग्रज सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांना पकडून पुण्यात आणलं तेव्हा तिथल्याच कोठडीत ठेवलं होतं, आणि त्यांचं वकीलपत्र घेतलं गणेश वासुदेव जोशींनी, म्हणजे आपल्या सार्वजनिक काकांनी. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं, पण त्या वर्षीचं पुणं जरा डोळ्यासमोर आणा, मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटलेला, सरकारला प्रत्येक शिकलेल्या माणसाचा संशय, इतका की सबजज्ज असलेल्या महादेव गोविंद रानड्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांच्या पत्रांवरही नजर. काका तर १८७० मध्ये सार्वजनिक सभा काढलेले, म्हणजे आधीच डोळ्यात सलणारे. त्यात फडक्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली रोजनिशीच सरकारकडे पुरावा म्हणून होती. केस हातची गेलेलीच होती. जन्मठेप झाली, एडनला नेलं, १८८३ मध्ये तिथेच गेले. काका तरी उभे राहिले, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, कारण जिंकण्याची आशा नसताना सरकारच्या समोरच्या बाजूला जाऊन बसायला वेगळी छाती लागते.

टिळकांच्या वेळी तर आणखी विचित्र घडलं. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी दिनशा दावर वकील म्हणून उभे होते आणि जामीन मिळाला, पुढे मूळ खटल्यासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर आणावे लागले. ११ वर्षांनी तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत, जिनांनी केलेला जामिनाचा अर्ज फेटाळला आणि टिळकांना ६ वर्षांची शिक्षा सुनावली. १९१६ मध्ये मात्र पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं भाषणांवरून टिळकांकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी, मागितला तेव्हा जिना पुन्हा आले आणि हायकोर्टातून तो हुकूम रद्द करून घेतला. नंतर खटल्याशिवाय माणसाला आत टाकू देणारा १९१९ चा रौलेट कायदा आला आणि लोकांनी त्याला तीन शब्दांत पकडलं, ना वकील, ना दलील, ना अपील. पहिला शब्द वकील आहे हे लक्षात घ्या. माणसाला आत टाकायचं तर आधी त्याच्या बाजूनं बोलणारा दूर करावा लागतो.

आणि हे काम दिसायला अगदी साधं असतं. येरवड्यात कोणी आत असेल तर वकीलपत्राचा कागद घेऊन ज्युनिअर गेटवर जातो, कागद आत जातो, कैद्याची सही होते, जेल अधिकारी सही-शिक्का मारतो, मग तो कागद बाहेर येतो. तो कोर्टात लागेपर्यंत आतल्या माणसाचं म्हणणं मांडणारं कोणी नसतं. कायदा कितीही चांगला असला तरी हा एक कागद अडला की सगळं अडतं.

आणीबाणीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. २५ जून १९७५ नंतर मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबू देणाऱ्या कायद्याखाली, संघवाले, समाजवादी, जमाते इस्लामीवाले सगळे एकाच येरवड्यात, का पकडलं हे सांगायचंही बंधन नाही. मुंबईत वकिलांनी घटनेवर चर्चा करायला जिना हॉलमध्ये खासगी बैठक ठरवली तर पोलीस कमिशनरनी परवानगी नाकारली, तेव्हा वकिलांनाच स्वतःसाठी हायकोर्टात जावं लागलं, आणि तिथे ते जिंकले. देशातल्या ९ हायकोर्टांनी स्थानबद्धांचं म्हणणं ऐकून घेता येतं असं सांगितलं होतं, पण २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध १ नं ते दार बंद केलं. त्या चौघांत यशवंत चंद्रचूड होते, आपल्या पुण्यातल्या नूतन मराठी शाळेचे विद्यार्थी. विरोधात एकटे एच. आर. खन्ना, आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं. त्याच काळात सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे, जे १९३३ मध्ये पुण्यात वकिली करत होते, नंतर मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९६९ मध्ये ती खुर्ची सोडून परत वकिलीकडे वळले, त्यांनी १९७६ मध्ये जयप्रकाश नारायणांबरोबर नागरी हक्कांची संघटना उभी केली, तीच पुढे पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज). चंद्रचूड आणि तारकुंडे, एकाच जिल्ह्यातली ही दोन माणसं, पुण्यात तारकुंड्यांचं नाव फार कमी निघतं याचं मला खरंच वाईट वाटतं. ७६ चा तो निकाल सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये मोडीत काढला, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

अलीकडचं तर आपल्यासमोरच घडलंय. शनिवारवाड्यावरची एल्गार परिषद, १ जानेवारी २०१८ ची भीमा कोरेगावची हिंसा, आणि मग पुणे पोलिसांनी युएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावून केलेल्या अटका, त्यात सुरेंद्र गडलिंग, सुधा भारद्वाज, अरुण फरेरा हे तिघं वकील. पोलिसांचं म्हणणं की माओवाद्यांशी संबंध, आरोपींनी ते नाकारलं. पण आदिवासींच्या, दलितांच्या, कामगारांच्या केसेस वर्षानुवर्षं लढणारे वकीलच आरोपी झाले की बाकीच्या वकिलांना जे कळायचं ते कळतं.

युएपीएत जामीन मिळणं फार अवघड, म्हणून वकील दिवस मोजतात. ९० दिवसांत आरोपपत्र नाही आलं तर सुटकेचा हक्क, कोर्टानं मुदत वाढवली तर १८० पर्यंत. इथे ती मुदत पुण्याच्या ज्या न्यायाधीशांनी वाढवली त्यांना तो अधिकारच नव्हता असं मुंबई हायकोर्टानं १ डिसेंबर २०२१ ला म्हटलं. भारद्वाज यांचा अर्ज वेळेत दाखल होता, त्या ९ डिसेंबरला बाहेर आल्या. बाकी आठ जणांचा मुद्दा तोच, पण त्यांचे अर्ज त्या वेळी नव्हते म्हणून त्यांना हा जामीन मिळाला नाही, आणि त्या आठांत गडलिंग आणि फरेरा हे दोन वकीलही होते.