ऑफिसच्या मेलवर फिशिंग मेल आला, तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

फिशिंग मेल म्हणजे दुसऱ्याच्या नावाने पाठवलेला, माहिती किंवा पैसे उकळणारा बनावट मेल. उदाहरणार्थ, ‘तुमचा पगार रोखून ठेवला आहे, आजच बँक तपशील अपडेट करा’ असा मेल एचआरच्या नावाने येतो. नाव ओळखीचं असतं, पण त्यावर क्लिक केलं की मागचा पत्ता भलत्याच डोमेनचा निघतो. बहुतेक जण असा मेल डिलीट करून कामाला लागतात. कृपया तसं करू नका. तोच मेल अकाउंट्समधल्या कोणालाही गेलेला असू शकतो आणि तिथे एका क्लिकवर मोठं नुकसान होतं.

तक्रार कोण करू शकतं?

कायम, कंत्राटी, इंटर्न, कोणीही. पैसे गेलेच पाहिजेत किंवा लिंक उघडलेली असलीच पाहिजे, अशी अट नाही. नुसता संशयही पुरेसा आहे.

आधी ऑफिसमध्ये

आउटलुक किंवा जीमेलमध्ये ‘रिपोर्ट फिशिंग’चा पर्याय असतो, तो वापरा आणि आयटी विभागालाही कळवा. इथे एक चूक सर्रास होते. लोक मेल साधा फॉरवर्ड करतात किंवा फक्त स्क्रीनशॉट पाठवतात. त्यात मूळ हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची तांत्रिक नोंद, जातच नाही. मेल कोणत्या सर्व्हरवरून निघाला, पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम तपासणीत पास झाला की नापास, हे सगळं हेडरमध्येच असतं. म्हणून आउटलुकमध्ये ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ करा. जीमेलमध्ये तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ उघडा, तिथून मूळ मेलची फाइल डाउनलोड करून ती जोडा. रिपोर्ट केल्यावर मेल इनबॉक्समधून हलू शकतो, त्यामुळे ही फाइल आधी काढून ठेवलेली बरी.

लिंक उघडून पासवर्ड टाकला असेल, तर तेही स्पष्ट लिहा, अंदाजे वेळेसह. ओरडा बसेल म्हणून हे लपवणं सगळ्यात महागात पडतं. पासवर्ड लगेच बदला, पण लॅपटॉप स्वतःहून फॉरमॅट करू नका, पुरावा पुसला जातो.

सर्ट-इन आणि सहा तासांची मुदत

सर्ट-इन ही सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवायच्या असतात. त्या यादीत फिशिंग हल्लेही आहेत. हे काम कंपनीने नेमलेली संपर्क व्यक्ती करते, तुम्ही नाही. पण तुम्ही दुपारचं संध्याकाळवर ढकललंत, तर तिच्या हातात काय उरणार? सर्ट-इनचा टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९ आहे आणि ईमेलनेही कळवता येतं.

आयकर विभागाच्या नावाने रिफंडचा मेल आला असेल, तर विभागाच्या वेबसाइटवर त्यासाठी दिलेल्या पत्त्यावर तो हेडरसकट पाठवा आणि सर्ट-इनला प्रत ठेवा.

पैसे गेले असतील तर

मग ऑफिसच्या उत्तराची वाट बघत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी ती गोठवता येते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने लॉगिन करून तक्रार नोंदवता येते. त्यासाठी हाताशी ठेवा: ओळखपत्राची प्रत, बँक किंवा वॉलेटचं नाव, खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक (यूटीआर), तारीख, रक्कम, खात्याचं स्टेटमेंट आणि तो मूळ मेल.

फोटो, स्क्रीनशॉट चालतात, पण मूळ मेलची फाइल असेल तर तपासाला खरी दिशा मिळते. तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पासवर्डचा गैरवापर कलम ६६सी मध्ये येतो, पण अर्जात कलम चुकलं तरी तक्रार अडत नाही. घटना नीट, क्रमाने लिहा आणि मिळालेला पोचपावती क्रमांक आयटी विभागालाही कळवा.