डिव्हाइस डिझाइन + एआय वाल्या जेआरएफच्या जागा: मागचा इतिहास काय?

सध्या जेआरएफच्या (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) ज्या जाहिराती फिरतायत त्यात एक प्रकार हमखास दिसतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमटेक किंवा फिजिक्समध्ये एमएस्सी, गेट नाहीतर नेट, टीकॅड (डिव्हाइस कॉम्प्युटरवर सिम्युलेट करायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर उत्तम, पायथन यायलाच हवं, आणि काम काय तर मशीन लर्निंग वापरून सेमीकंडक्टर डिव्हाइसचं (ट्रान्झिस्टर वगैरे) डिझाइन. बघणाऱ्याला वाटतं फंडिंगसाठी जुन्याच प्रोजेक्टच्या नावात एआय घुसवलंय. काही ठिकाणी तसं असेलही, पण या कामाला स्वतःचा बऱ्यापैकी जुना इतिहास आहे आणि त्यातला एक वाद अजून मिटलेला नाही, त्यावरच खाली जास्त लिहिलंय.

सुरुवातीचं थोडक्यात. १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका टेलिफोन कंपनीच्या लॅबमध्ये ट्रान्झिस्टरची समीकरणं कॉम्प्युटरवर आळीपाळीने सोडवायची पद्धत निघाली, १९६९ मध्ये तिथूनच करंटचं समीकरण ग्रिडवर बसवायची युक्ती आली आणि ती आजही जवळपास सगळ्या डिव्हाइस सिम्युलेटरांच्या पोटात आहे. १९७३ मध्ये बर्कलीहून स्पाइस नावाचा सिम्युलेटर आला, तो सर्किटसाठी. १९८० मध्ये व्हिएन्नाहून मिनिमॉस, १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातूनच पायसेस, हे दोन्ही डिव्हाइससाठी. म्हणजे यातली बरीचशी टूल्स विद्यापीठातल्या पीएचडीवाल्यांनी लिहिली, कंपन्यांनी त्यांची विकाऊ सॉफ्टवेअर नंतर केली, आणि आज त्याच घराण्यातल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स घ्यायला विद्यापीठांना प्रपोजल लिहावं लागतं.

न्यूरल नेटवर्कने मॉस्फेटचं (चिपमधला नेहमीचा ट्रान्झिस्टर) मॉडेल, म्हणजे व्होल्टेजवरून करंट सांगणारं सूत्र, करायचे प्रयत्न १९९२ पासून छापील आहेत. १९९६ मध्ये आइंडहोवेनला, एका डच कंपनीच्या लॅबमधल्या संशोधकाने सर्किट सिम्युलेशनसाठी डिव्हाइसची न्यूरल मॉडेल्स कशी बनवायची यावर अख्खा प्रबंधच लिहिला. मग हे तेव्हाच का चाललं नाही? एक तर मशीन्स हळू, पण मोठं कारण असं की फिजिक्सवर उभी असलेली मॉडेल्स तेव्हा मस्त चालत होती. बर्कलीचं बीसिम हे असंच मॉडेल नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंडस्ट्री स्टँडर्ड झालं आणि सगळ्यांचं भागलं. मायक्रोवेव्हवाले तेवढे न्यूरल नेटवर्क वापरत राहिले.

गणित बदललं ते ट्रान्झिस्टर सपाट राहिला नाही तेव्हा. २०११-१२ ला २२ नॅनोमीटरवर फिनफेट (उभ्या पातळ पात्याचा, म्हणजे फिनचा ट्रान्झिस्टर) बाजारात आला, २०२२ ला ३ नॅनोमीटरवर चारी बाजूंनी गेट (करंट चालू-बंद करणारं टोक) असलेला. आता सिम्युलेशन थ्रीडी, एकेका रनला तास, मेश (गणितासाठी पाडलेली जाळी) बारीक केला तर रात्र, आणि फिनची रुंदी, उंची, डोपिंग, गेट लेंथ, स्पेसर सगळं थोडं थोडं हलवून बघायचं म्हटलं की हजारो रन होतात. वर गॅलियम नायट्राइड, टूडी मटेरियल, फेरोइलेक्ट्रिक असली नवी पात्रं, ज्यांचं कॉम्पॅक्ट मॉडेल (सर्किट सिम्युलेटरला द्यायचं आटोपशीर सूत्र) हाताने लिहायला वर्षं जातात. याचं चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे, कानपूरच्या एका ग्रुपचं गॅलियम नायट्राइडचं मॉडेल २०१८ मध्ये इंडस्ट्री स्टँडर्ड म्हणून निवडलं गेलं (तेव्हा दोन निवडली होती, दुसरं बॉस्टनकडचं), आणि त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती, न्यूरल नेटवर्कची नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण आजच्या जाहिराती वाचून वाटतं की हाताने मॉडेल लिहिणारे संपले.

त्यात २०१५ च्या आसपास फुकट डीप लर्निंग लायब्रऱ्या पसरल्या, जीपीयू हाताशी आले, आणि नव्वदच्या दशकातली आयडिया कपाटातून परत निघाली.

आता वादाचा मुद्दा: डेटा कुठून आणायचा. नेटवर्क शिकवायला हजारो डिव्हाइसची करंट-व्होल्टेजची मापं लागतात. फॅबकडे (चिप बनवणारा कारखाना) ती असतात पण एनडीएच्या, म्हणजे गुप्ततेच्या कराराच्या कुलपात, विद्यापीठाला मिळतं ते पीडीके, म्हणजे तयार मॉडेल, कच्ची मापं नव्हेत. स्वतःच्या लॅबमध्ये बनवलेली डिव्हाइसेस मोजकी, आणि एकाच वेफरवरची दोन सारखी निघतील याची खात्री नाही. म्हणून बहुतेक ग्रुपांनी सरळ निर्णय घेतला की टीकॅडमध्येच हजारो डिव्हाइस बनवायची, त्यांचे कर्व्ह काढायचे आणि नेटवर्कला तेच शिकवायचं.

यावर जुन्या डिव्हाइसवाल्यांचा आक्षेप साधा आहे. सिम्युलेटरमध्ये तुम्ही मोबिलिटीचं (इलेक्ट्रॉन किती सहज धावतात) जे मॉडेल टिक केलं, ट्रॅप्स (इलेक्ट्रॉन अडकवणारे दोष) टाकले की नाही, कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स किती धरला, तेवढंच नेटवर्क शिकतं. मग पेपरमध्ये अॅक्युरसी ९९ टक्के लिहिता ती कशाच्या तुलनेत? सिम्युलेटरच्याच. सिम्युलेटर एका गेट लेंथच्या एका डिव्हाइसवर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे त्याच्या खऱ्या मापांशी जुळवलेला असेल आणि तुम्ही डेटासेट त्याच्या कितीतरी बाहेर पसरवला असेल तर चूकही ९९ टक्के बिनचूक शिकवली जाते. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही वेडगळ नाही, ते म्हणतात आम्ही सिम्युलेटरला हरवायला निघालोच नाही, आम्हाला तासाचं काम मिलिसेकंदात हवंय म्हणजे लाखभर कॉम्बिनेशन चाळता येतील आणि जे चार-पाच चांगले निघतील ते परत टीकॅडवर तपासू. हे मला पटतं, फक्त मग त्याला चाळणी म्हणा, डिझाइन म्हणू नका. मधला रस्ता काढायचे प्रयत्नही झाले, म्हणजे आधी टीकॅडवर शिकवून मग थोड्या खऱ्या मापांवर पुन्हा ट्रेन करणं, किंवा २०१९ नंतर गाजलेल्या पद्धतीने भौतिकशास्त्राची समीकरणंच लॉस फंक्शनमध्ये (ट्रेनिंगवेळी चूक मोजणारं सूत्र) घालणं. दुसरी पद्धत ऐकायला फार गोड आहे, पण ट्रान्झिस्टरमध्ये कॅरियरचं (इलेक्ट्रॉन वगैरे) प्रमाण अगदी थोड्या अंतरात दहाच्या कितीतरी घातांनी बदलतं आणि तिथे ट्रेनिंग घसरतं.

याच वादाची दुसरी शाखा कॉम्पॅक्ट मॉडेलची. नुसतं नेटवर्क फिट केलं की ड्रेन व्होल्टेज (सोर्स आणि ड्रेन या दोन टोकांमध्ये करंट ढकलणारं) शून्य असतानाही ते थोडासा करंट दाखवतं. कर्व्हवर डोळ्याला दिसत नाही, पण डिव्हाइस फुकटची पॉवर देतंय असा त्याचा अर्थ होतो. सोर्स आणि ड्रेनची अदलाबदल केली की उत्तर आरशातल्यासारखं उलटं यायला हवं, ते येत नाही. लीकेज पिकोअँपिअरमध्ये आणि ऑन करंट मिलिअँपिअरमध्ये, म्हणून लॉग स्केलवर ट्रेन केलं तर वरची बाजू ढिली पडते, लिनिअरवर केलं तर खालची. शिवाय सर्किट सिम्युलेटरला करंटचे डेरिव्हेटिव्हही गुळगुळीत लागतात. यावर उपाय निघालेत, आउटपुटला आधीच ड्रेन व्होल्टेजने गुणायचं, नेटवर्कची रचनाच सिमेट्रिक ठेवायची वगैरे, पण नीट बघितलं तर हे उपाय म्हणजे फिजिक्स मागच्या दाराने परत आत घेणंच आहे.

एक गोष्ट इथे उगाच मिसळली जाते. २०२१ च्या जूनमध्ये एका सर्च इंजिनवाल्या कंपनीच्या टीमने नामांकित जर्नलमध्ये दावा केला की त्यांचं एआय चिपवरचे ब्लॉक सहा तासांच्या आत मांडतं, मग त्यावर कंपनीतल्याच लोकांनी आणि सॅन डिएगोच्या एका ग्रुपने शंका घेतल्या, २०२३ मध्ये जर्नलने पेपरवर सावधगिरीची टीप लावली आणि पुढच्या वर्षी ती काढलीही. भांडण रंगलं जोरदार, पण ते चिपच्या लेआउटचं होतं, डिव्हाइसच्या आत काय चालतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता आपल्याकडे या जागा अचानक का वाढल्या. मोहालीची सरकारी फॅब १९८४ मध्ये सुरू झाली, १९८९ च्या फेब्रुवारीत आगीत गेली, उभी राहिली पण आज १८० नॅनोमीटरवर आहे, त्यामुळे फिनफेटचा देशी डेटा हा प्रश्नच नव्हता. २००६ मध्ये पवई आणि बेंगळुरूला नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची मोठी केंद्रं आली, त्यांनी माणसं घडवली. खरी उडी डिसेंबर २०२१ ची, ७६,००० कोटींची सेमीकंडक्टर योजना, तिच्या पाठोपाठ पाच वर्षांत ८५,००० इंजिनिअर तयार करायचा कार्यक्रम आणि कॉलेजांना सेंट्रल सर्व्हरवरून डिझाइनची टूल्स. २०२४ च्या फेब्रुवारीत ढोलेऱ्याच्या ९१,००० कोटींच्या फॅबला मंजुरी, मार्चमध्ये एआयसाठी १०,००० कोटींच्या वरचं मिशन. दोन्ही पाइपलाइनमधून पैसा आला की प्रपोजल लिहिणारा दोन्ही शब्द एकाच शीर्षकात बसवणारच, त्यात नवल काय. गेटमध्येही २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आला.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून ३१,००० वरून ३७,००० झाली, एचआरए (घरभाडं) वेगळा, एसआरएफला (सीनियर फेलो) ४२,०००. पण प्रोजेक्टवरची जागा प्रोजेक्टसोबतच संपते, आणि पीएचडीला आपोआप प्रवेश मिळतोच असं नाही, ती मुलाखत बहुतेक ठिकाणी वेगळी. आणि जाहिरातीत एआय कितीही मोठ्या अक्षरात असलं तरी सुरुवातीचे बरेच महिने टीकॅडचे डेक (इनपुट फाइली) लिहिण्यात, न कन्व्हर्ज होणारे (उत्तरावर न पोचणारे) रन शोधण्यात आणि जुन्या मापांवर मोबिलिटीचे पॅरामीटर जुळवण्यात जातात. इंटरव्ह्यूला गेलात तर एवढं नक्की विचारा: मोजलेला डेटा तुमच्याकडे आहे का, असेल तर कुठल्या डिव्हाइसचा?